शिंतो म्हणजे सिंधू नव्हे, आणि कामी म्हणजे आपले तेहतीस कोटी देव नव्हेत

गणपती-दसऱ्याच्या दिवसांत एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. सोबत बहुधा दोन फोटो असतात: लाल कमानींची रांग, आणि हातात वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी. मजकुराचा गाभा असा: ‘जपानचा मूळ धर्म शिंतो. हा शब्द सिंधूवरून आला. आपले ३३ कोटी देव, त्यांचे ८० लाख. आपण कणाकणात भगवंत पाहतो, तेही तसंच मानतात. त्यांची अमातेरासु म्हणजे आपला सूर्यनारायण, आणि त्यांचा सम्राट सूर्यवंशी. देवळापुढची तोरी म्हणजे आपलं तोरण. सरस्वती, गणपती, महाकाल, इंद्र, वरुण यांची तिथे आजही पूजा होते. म्हणजे जपान आजही सनातनीच आहे.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य खरं आहे. तेवढं एकच खरं आहे, आणि बाकीची सगळी वाक्यं त्याच्या खांद्यावर बसून येतात. म्हणून हा मजकूर खोडणं अवघड जातं. कुणी ‘हे चूक आहे’ म्हटलं की पाठवणारा बेंझाइतेनचा, म्हणजे जपानी सरस्वतीचा, फोटो पुढे करतो, आणि तो फोटो खरा असतो. तेव्हा एकेक मुद्दा सुटा करूनच पाहायला हवा.

‘शिंतो हा शब्द सिंधूवरून आला’

नाही. शिंतो हा दोन चिनी अक्षरांचा जोडशब्द आहे. पहिल्या अक्षराचा अर्थ देव किंवा अलौकिक शक्ती, दुसऱ्याचा अर्थ वाट. (हे दुसरं अक्षर म्हणजे ‘ताओ’तलंच.) हा जोडशब्द ‘यीजिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात आधीपासून आहे. जपानमध्ये तो दिसतो ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या राजबखरीत. सम्राट योमेईबद्दल तिथे म्हटलंय की तो बुद्धाच्या धर्मावर श्रद्धा ठेवी आणि कामींच्या, म्हणजे तिथल्या मूळच्या देवतांच्या, वाटेचा आदर करी. हे वाक्य जरा थांबून वाचावं. भारतातून आलेला धर्म एका बाजूला आणि ‘शिंतो’ दुसऱ्या बाजूला, अशी फोड करतानाच हा शब्द बखरीत उतरला आहे.

सिंधूवरून आलेला शब्द जपानीत आहे, पण तो निराळा. सिंधूचं इराणी तोंडी हिंदू झालं, तिथून चिनी लोकांनी ‘तिआनझू’ केलं, आणि त्याच अक्षरांचा जपानी उच्चार ‘तेंजिकु’. जुन्या जपानी माणसाला बुद्धाचा देश तेंजिकु या नावानेच माहीत होता. सिंधूचा माग काढायचाच असेल तर तो इथे आहे.

काही मजकुरांत ‘कामी’ हा शब्द ‘स्वामी’वरून आल्याचंही जोडलेलं असतं. खुद्द जपानी भाषेतलीच ‘कामी म्हणजे वरचा’ ही सोपी व्युत्पत्ती अभ्यासकांनी बाजूला ठेवली आहे, कारण आठव्या शतकाच्या लेखनात ‘मि’चे दोन वेगळे उच्चार वेगळ्या अक्षरांनी लिहिले जात, आणि ‘वर’मधला मि आणि ‘देव’मधला मि एक नाहीत. एका स्वराच्या फरकाने जिथे घरातली व्युत्पत्ती पडते, तिथे नुसत्या कानाला सारख्या लागणाऱ्या परक्या शब्दाचा पाड कसा लागणार?

‘त्यांचे ८० लाख, आपले ३३ कोटी’

मूळ शब्द याओयोरोझु. या म्हणजे आठ, ओ म्हणजे शंभर, योरोझु म्हणजे दहा हजार. गुणाकार केला तर ८० लाख येतात हे खरं, पण तो गुणाकार कुणी करत नाही. जुन्या जपानीत आठ हा ‘पुष्कळ’चा आकडा आहे: अमातेरासुचा भाऊ सुसानोओ याने मारलेला आठ डोक्यांचा साप, जपानचं जुनं नाव ‘आठ बेटांचा देश’, अमातेरासुचा ‘आठ मापांचा’ आरसा. आपण ‘छप्पन वेळा सांगितलं’ म्हणतो तेव्हा कुणी पंचावन्न वेळा झाल्याची नोंद मागत नाही. त्यातलाच हा प्रकार.

खरोखर मोजलेला आकडाही उपलब्ध आहे. ९२७ साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या शासकीय नियमसंग्रहाच्या नवव्या-दहाव्या खंडात देवस्थानांची यादी आहे: २,८६१ ठिकाणं, ३,१३२ कामी, त्यातले ४९२ मोठे आणि २,६४० लहान. यादी करण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. दुसऱ्या महिन्यात पीक चांगलं यावं म्हणून होणाऱ्या विधीत सरकारी भेट कुणाकुणाला द्यायची, याचा तो हिशेब.

आपल्याकडच्या तेहतीसचा ओघ तर उलट्या दिशेचा आहे. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला देव किती असं पुन्हा पुन्हा विचारतो. तेहतीस म्हणजे ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती, हे सांगून याज्ञवल्क्य आकडा उतरवत उतरवत एकावर आणतो. अनेकांमागे एक, ही ती दृष्टी. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त, म्हणजे कामींच्या कथांच्या सर्वांत जुन्या ग्रंथात, हे घडत नाही. सुरुवातीला तीन कामी येतात: आमे-नो-मिनाकानुशी, ताकामिमुसुबी, कामिमुसुबी. (यांनाच कुणी ‘त्रिमूर्ती’ म्हणून टाकतं.) ते एकेकटे उद्भवतात आणि अंग लपवून नाहीसे होतात. पहिला तर नावापुरताच आहे, पुढच्या साऱ्या कथेत तो काही करत नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी वाटणी नाही, आणि बाकीचे कामी त्या तिघांची रूपंही नाहीत. त्यानंतर कामी नुसते वाढत जातात, एकात मिटत नाहीत.

‘तेही कणाकणात भगवंत पाहतात’

हा मुद्दा ऐकायला सर्वांत गोड आहे, आणि कामी ही कल्पना समजून घ्यायच्या आड सर्वांत जास्त तोच येतो.

मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या मात्सुसाका गावच्या वैद्य-पंडिताने कोजिकीवर ४४ खंडांचं भाष्य लिहिलं. १७६४च्या सुमारास घेतलेलं काम १७९८ साली पुरं झालं. त्यात कामीची जी व्याख्या आहे तिच्यावाचून आजही कुणाचं पान हलत नाही. आशय असा: जे काही नेहमीच्या पलीकडचं आहे, ज्याची शक्ती असामान्य आहे आणि ज्याच्यापुढे माणूस दबकतो, ते कामी. त्यात ग्रंथांतल्या देवता आल्या, देवस्थानांतले आत्मे आले, माणसं आली, पक्षी, जनावरं, झाडं, समुद्र, डोंगर आले. वीज आली, कोल्हा आणि लांडगाही आला. आणि असामान्य म्हणजे फक्त चांगलं असंही नाही. दुष्ट आणि विचित्र गोष्टीही भीती उत्पन्न करण्याइतक्या मोठ्या असतील तर त्याही कामी. कोजिकीत एक पीच फळसुद्धा कामी होतं: पाताळातून, म्हणजे योमीतून, पळत येणारा इझानागी हा आदिपिता कामी पाठलाग करणाऱ्यांवर तीन पीच फेकतो, ते पळून जातात, आणि तो त्या फळाला नाव बहाल करतो.

म्हणजे सगळ्यात कामी नसतो. तो जिथे जाणवतो तिथे असतो. देवस्थानाच्या आवारात शंभर झाडं असतात, पण भाताच्या पेंढ्याचा जाड दोर, शिमेनावा, एखाद्याच जुन्या प्रचंड बुंध्याला बांधलेला असतो. दोर बहुधा डावीकडे पीळ देऊन वळतात आणि त्याला वीज पडल्यासारख्या नागमोडी घडीचे पांढरे कागद लोंबतात. त्या दोराच्या आतलं झाड वेगळं आणि शेजारचं वेगळं, हे सांगण्यासाठीच तर तो दोर. कणाकणात असेल तर दोर बांधायचा कशाला?

नारा भागातल्या ओमिवा देवस्थानाला गाभारा नाही. लोक प्रार्थनागृहातून थेट मागच्या मिवा डोंगराला हात जोडतात, कारण डोंगर हेच तिथल्या कामीचं अंग. नाचीला तो मान १३३ मीटरच्या धबधब्याला. जिथे गाभारा आहे तिथे आत शिंताई असते: आरसा, तलवार, रत्न, कधी दगड. ती गुंडाळलेली, पेटीत बंद, आणि अनेक ठिकाणी पुजाऱ्यानेही न पाहिलेली. ती कामीची मूर्ती नव्हे, कामी उतरतो ती वस्तू. डोळे उघडून समोर बसलेल्या देवाचं दर्शन घेणं हा आपल्याकडचा गाभा, आणि तोच तिथे नाही.

कामीच्या शक्तीला बाजू असतात. आरामितामा म्हणजे उग्र अंग, निगिमितामा म्हणजे शांत अंग. इसेच्या थोर देवस्थानात अमातेरासुचं मुख्य स्थान आहे आणि तिच्याच उग्र अंगाचं आरामात्सुरी-नो-मिया हे वेगळं देऊळ आहे. दोन्ही ठिकाणी स्वतंत्र सेवा होते. एकाच कामीचा अंश काढून दुसरीकडे बसवताही येतो, मूळ जराही कमी न होता. ७११ साली सुरू झाल्याचं मानल्या जाणाऱ्या फुशिमी इनारी या (इनारी नावाच्या भाताच्या कामीच्या) देवस्थानाच्या हजारो शाखा अशाच वाढल्या. इनारीपुढचे कोल्हे मात्र इनारी नव्हेत, त्याचे निरोपे आहेत. फोटोखाली ‘कोल्ह्याची पूजा’ लिहिलेलं असतं ते चूक.

माणूस कामी कसा होतो हेही पाहण्यासारखं आहे, कारण इथे मजकूरवाले ‘अवतार’ हा शब्द घालतात. सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा विद्वान दरबारी. त्याच्यावर आळ आला, त्याला दूर क्यूशू बेटावरच्या दाझाइफुला धाडलं आणि तिथेच तो वारला. त्यानंतर विरोधकांचे मृत्यू झाले, ९३० साली राजवाड्यावर वीज पडून माणसं दगावली. दरबाराने अर्थ लावला की हा मिचिझानेचा कोप. त्याला पदव्या परत केल्या, ९४७ साली क्योतोत कितानो येथे त्याचं देवस्थान उभं राहिलं, आणि तो तेंजिन नावाचा कामी झाला. वरून खाली उतरलेला देव नव्हे. खालून वर गेलेला, आणि आधी शांत करावा लागलेला आत्मा. आज परीक्षेआधी जपानी मुलं लाकडी पाटीवर इच्छा लिहून टांगतात ती बहुतांशी या तेंजिनपुढे. ‘जपानी विद्यार्थी सरस्वतीची प्रार्थना करतात’ हे वाक्य इथे अडतं.

कोकणातली देवराई, वेशीवरचा म्हसोबा, राखणदार ज्याने अनुभवलेत त्याला हे वाचताना ओळखीचं वाटेल. वाटावंच. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि तिथून आलेलं असणं वेगळं. म्हसोबा जपानहून आला असं कुणी म्हणत नाही, मग उलटही म्हणायचं कारण नाही.

आणखी एक मोठा फरक मजकुरात कुठेच नसतो. शिंतोचं काम कर्मफळ आणि मोक्ष यांभोवती फिरत नाही. ते केगारे, म्हणजे विटाळासारखं साचणारं मालिन्य, आणि त्याची झाडलोट यांभोवती फिरतं. ३० जून आणि ३१ डिसेंबरला वर्षातून दोनदा महाशुद्धी होते. माणसाच्या आकाराच्या कागदी कपट्यावर नाव आणि वय लिहायचं, ते अंगावरून फिरवायचं, त्यावर फुंकर घालायची आणि देवस्थानात द्यायचं. कागदाबरोबर सहा महिन्यांचं साचलेलं जातं. जूनमध्ये गवताचं मोठं कडं उभारतात, त्यातून आधी डावीकडे वळसा, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. याच महाशुद्धीच्या जुन्या स्तोत्रात पापांची यादी आहे आणि तिची सुरुवात भातखाचराचे बांध फोडण्यापासून होते.

‘सरस्वती, गणपती, इंद्र, वरुण तिथे पुजले जातात’

हो, पुजले जातात. फक्त ते शिंतोचे कामी म्हणून आले नाहीत. ते बौद्ध धर्माचे रक्षक म्हणून आले.

बौद्ध धर्म कोरियातल्या पेकचे राज्याकडून जपानच्या दरबारी पोचला, ५३८ किंवा ५५२ साली. त्या वेळी दरबारात भांडण झालं. मोनोनोबे आणि नाकातोमी घराण्यांचं म्हणणं असं की परमुलखातल्या कामीला पुजलं तर आपले कामी रागावतील. हा ‘परमुलखातला कामी’ म्हणजे बुद्ध. तेव्हापासूनच आपले कोण आणि आलेले कोण याची जाण स्पष्ट होती.

बौद्ध ग्रंथांतले भारतीय देव चिनीत गेले तेव्हा ‘देव’ शब्दाचं भाषांतर ज्या अक्षराने झालं, त्याचा जपानी उच्चार ‘तेन’. म्हणून नावाच्या शेवटी तेन दिसलं की तो देव भारतातून आलेला समजावा: बोन्तेन ब्रह्मा, ताइशाकुतेन इंद्र, बेंझाइतेन सरस्वती, किचिजोतेन लक्ष्मी, बिशामोन्तेन वैश्रवण म्हणजे कुबेर, दाइकोकुतेन महाकाल, कांगितेन विनायक, सुइतेन वरुण, कातेन अग्नी, फुतेन वायू, नित्तेन सूर्य, गात्तेन चंद्र. यांतले काही देव ज्यात येतात तो बारा दिक्पालांचा संच क्योतोच्या तोजी या शिंगोन पंथाच्या बौद्ध मठासाठी ११२७ साली रंगवला गेला, तो आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता ‘अमातेरासु म्हणजे सूर्यनारायण’ हा दावा याच यादीशेजारी ठेवा. सूर्य जपानला गेला तेव्हा तिथे नित्तेन झाला. अमातेरासु आधीपासून होती, आणि ती तशीच राहिली. चंद्र गात्तेन झाला, चंद्राचा कामी त्सुकुयोमी वेगळाच. अग्नी कातेन झाला, आगीचा कामी कागुत्सुची वेगळा. एकाच घरात दोघं वेगळ्या नावांनी, वेगळ्या जागी, वेगळ्या मंत्रांनी राहतात, तर ते दोघं मुळात एकच कसे?

अमातेरासुची गोष्टही सूर्यनारायणाची नव्हे. ती स्त्री आहे. इझानागी नदीमुखाशी आंघोळ करतो तेव्हा डावा डोळा धुताना ती जन्मते, उजव्यातून त्सुकुयोमी, नाकातून सुसानोओ. ती भातशेती करवते, विणकरशाळेत कामींसाठी वस्त्रं विणवते, नव्या भाताचा घास घेण्याचा विधी करते. सुसानोओ तिच्या शेताचे बांध मोडतो, त्या विधीच्या दालनात घाण करतो, आणि विणकरशाळेच्या छपरातून सोललेला घोडा आत टाकतो. ती गुहेत जाऊन बसते आणि जग अंधारतं. मग आमे-नो-उझुमे पालथ्या घातलेल्या पिंपावर पाय आपटत नाचते, सारे कामी हसतात, आणि कुतूहलाने तिने दार किलकिलं केल्यावर आरसा पुढे धरून तिला बाहेर ओढतात. राजघराणं तिच्या नातवापासून सांगितलं जातं. सूर्यापासून राजवंश सांगणं पेरूच्या इंकांतही होतं. तेवढ्यावरून कुणी इक्ष्वाकूच्या कुळात बसत नाही.

आलेले देव आणि मूळचे कामी पुढे मिसळले, आणि खरी रंगत त्या मिसळण्यात आहे. बेंझाइतेनचंच बघा. ती ‘सुवर्णप्रभास सूत्रा’तून आली, आणि नाराच्या तोदाइजी मठात तिची आठव्या शतकातली आठ हातांची मातीची मूर्ती आहे. मग हातात बिवा हे तंतुवाद्य आलं. मग तिची सांगड उगाजिनशी पडली. हा म्हाताऱ्याचं डोकं असलेला पांढरा साप, धान्याचा कामी. तिच्या नावातलं ‘प्रतिभा’ या अर्थाचं अक्षर त्याच उच्चाराच्या ‘धन’ या अक्षराने लिहिलं जाऊ लागलं, आणि वाणीची देवी पैशाची झाली. बेटांवर ती इचिकिशिमाहिमेशी एक झाली. ही इचिकिशिमाहिमे म्हणजे सुसानोओच्या तलवारीचे तुकडे अमातेरासुने चावून फुंकले तेव्हा त्या धुक्यातून जन्मलेल्या तीन बहिणींपैकी एक. अशी जन्मकथा सरस्वतीची नाही.

महाकालाचं तर एका उच्चाराने रूप पालटलं. दाइकोकु म्हणजे ‘महाकृष्ण’. भारतातल्या मठांत स्वयंपाकघराशी महाकालाची तेलाने काळी पडलेली लाकडी मूर्ती असे, हे यीजिंग नावाच्या चिनी भिक्षूने (वरच्या ग्रंथाशी फक्त नाव सारखं) सातव्या शतकात नोंदवलंय. जपानमध्येही तो आधी मठाच्या मुदपाकखान्यात बसला. पण इझुमोच्या ओकुनिनुशी या कामीच्या नावाची अक्षरंही ‘दाइकोकु’ अशी वाचता येतात. झालं, दोघं एक झाले. आज भाताच्या पोत्यांवर उभा, हातात मोगरी, पाठीवर झोळी आणि हसरा, असा जो दाइकोकु दिसतो त्याला उज्जैनच्या महाकालाचा भक्त ओळखणार नाही. सप्तभाग्यदेवतांत तो आहे, पण त्या सातांत भारतातून आलेले तीनच. एबिसु जपानी, आणि फुकुरोकुजु, जुरोजिन, होतेई हे तिघं चीनचे.

कांगितेन मात्र शिंतोत विरघळलाच नाही. तो बौद्ध मठांतच राहिला. बहुधा दोन गजमुखी मूर्ती एकमेकांना मिठीत घेतलेल्या, म्हणून सदैव पडद्याआड. पुजारी बंद दाराआड धातूच्या मूर्तीवर कोमट तेलाची धार धरतात. टोकियोत असाकुसाजवळच्या मात्सुचियामा मठात त्याला मुळा वाहतात. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सवच असतो. आणि क्योतोत त्याच्या नैवेद्याची मिठाई अजून बनते: लाल घेवड्याचं गोड सारण, त्यात सुगंधी द्रव्यं, तांदूळ-गव्हाच्या पिठाची पारी, थैलीसारखी मूठ बांधून वर आठ पाकळ्या, आणि तिळाच्या तेलात तळण. तळणीच्या मोदकाचा हा नातलग आहे, हे मात्र निःशंक म्हणावं.

‘हे सगळं एकच होतं’

मधल्या हजार वर्षांत जपानी भिक्षूंनी या मिसळणुकीला सिद्धांत दिला: बुद्ध हे मूळ रूप, कामी ही त्याची स्थानिक खूण. अमातेरासु म्हणजे महावैरोचन बुद्ध, असं. मजकूरवाल्यांना हेच म्हणायचं असतं, फक्त बुद्धाच्या जागी ते हिंदू देव घालतात. पण योशिदा कानेतोमो (१४३५–१५११) या शिंतो पुजाऱ्याने हाच सिद्धांत उलटा केला: धर्माच्या झाडाचं मूळ जपानात, फांद्या-पानं चीनमध्ये, फुलं-फळं भारतात. त्याच्या हिशेबाने बुद्धाचा धर्मच शिंतोतून निघाला. दोन्ही दावे साम्यावर उभे, आणि दोन्ही सारखेच ठिसूळ. ‘सगळं आमच्यातूनच’ हे कानेतोमोचं म्हणणं ज्याला पटत नाही, त्याने आपला मजकूरही त्याच मापाने मोजायला हवा.

मग १८६८ साली मेइजी सरकारने कामी आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. देवस्थानातून बौद्ध मूर्ती काढा, गोझु तेन्नोसारखी बौद्ध धाटणीची नावं सोडा. क्योतोच्या गिओन देवस्थानात जेतवनाचा रक्षक मानला गेलेला गोझु तेन्नो होता. ‘गिओन’ हे नावच श्रावस्तीच्या जेतवनाचं चिनी रूप. तिथे सुसानोओ आला आणि देवस्थानाचं नाव यासाका झालं. इत्सुकुशिमा बेटावरची बेंझाइतेन दाइगानजी मठात गेली आणि देवस्थान इचिकिशिमाहिमेचं राहिलं. टोकियोच्या सुइतेन्गु देवस्थानाचं नाव आजही वरुणाचं आहे, पण आत पूजा होते ती सुरुवातीला सांगितलेल्या आमे-नो-मिनाकानुशीची आणि समुद्रात बुडालेल्या बालसम्राट आंतोकुची, त्याच्या आई-आजीसह. तिथे गर्दी असते ती सुखरूप बाळंतपणासाठी. पाटीवरचं नाव वाचून ‘वरुणाचं मंदिर’ म्हणणाऱ्याची इथेच फसगत होते.

‘तोरी म्हणजे तोरण’

हे सिद्ध झालेलं नाही. तोरी शब्दाची जपानी अक्षरं ‘पक्ष्याची बैठक’ अशी आहेत, ‘आत जाणं’ या क्रियापदावरूनही तो काढतात, आणि तोरणाशी नातं असावं असं सुचवणारेही आहेत. पण सांचीचं तोरण बौद्ध धर्माबरोबर आलं असतं तर ते आधी मठांपुढे दिसायला हवं होतं. सातव्या शतकातल्या होर्युजीसारख्या मठाला छपराचे चिनी धाटणीचे दरवाजे आहेत, तोरी नाही. शिवाय सांचीचं तोरण कथांनी कोरून भरलेलं, तर तोरी मुद्दाम उघडी: दोन खांब, वर एक आडवी तुळई, तिच्याखाली दुसरी, संपलं. इसेच्या तोरीला तर सालं काढलेल्या गोल ओंडक्यांपलीकडे रंगसुद्धा नाही.

फोटो कुठला, हे कसं ओळखायचं

नाव आधी पाहा. जिंजा, जिंगु, ताइशा असा शेवट असेल तर शिंतोचं देवस्थान. जी, इन, देरा असेल तर बौद्ध मठ. दारात तोरी आणि शिमेनावा असेल तर बहुधा देवस्थान, अंगणात उदबत्त्यांचं मोठं धुपाटणं असेल तर बहुधा मठ. आणि लोक काय करतात ते पाहा. देवस्थानात आधी पाण्याच्या टाकीशी उजव्या हाताने ओगराळं घेऊन डावा हात धुतात, हात बदलून उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, आणि शेवटी ओगराळं उभं करून उरलेल्या पाण्याने त्याचा दांडा. ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. मग दोनदा कमरेतून वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. इझुमोला चार टाळ्या. मठात टाळी वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

कान दिला तर आणखी सोपं. मठात बेंझाइतेनपुढे ‘ओन सोरासोबातेइएइ सोवाका’ म्हणतात. हा ‘ॐ सरस्वत्यै स्वाहा’च आहे, चिनी अक्षरांतून गाळून आलेला. देवस्थानात पुजारी नोरितो, म्हणजे प्रार्थनापाठ, म्हणतो ती आठव्या-नवव्या शतकातली जुनी जपानी, त्यात संस्कृत मंत्र नसतो.

फसवणाऱ्या जागाही आहेत. आइची प्रांतातलं तोयोकावा इनारी नावाने आणि तोरीने देवस्थान वाटतं, पण तो सोतो झेन पंथाचा बौद्ध मठ आहे आणि आत दाकिनीतेन, म्हणजे भारतीय डाकिनी. कामाकुराचं झेनिआराई बेंतेन याच्या उलट: नाव सरस्वतीचं, पण अधिकृतपणे शिंतो देवस्थान. तिथे मेणबत्ती आणि उदबत्ती लावून बांबूची टोपली घ्यायची, तीत नाणी ठेवून गुहेतल्या झऱ्याचं पाणी ओगराळ्याने घालायचं. नोटेचा नुसता कोपरा भिजवला तरी चालतो. धुतलेला पैसा जपून ठेवायचा नसतो, खर्च करायचा असतो. मुख्य देवळात इचिकिशिमाहिमे, गुहेत उगाफुकुजिन. ‘जपानमध्ये सरस्वतीचं मंदिर’ म्हणून फिरणारा फोटो इथला असेल तर त्याखाली ही दोन्ही नावं लिहायला हवीत.

भारत-जपान नात्याबद्दल काही पाठवायचंच असेल तर खरं पुष्कळ आहे. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ साली तोदाइजीच्या महाबुद्धाचे डोळे त्याच्याच हाताने उघडले. ८०६ साली चीनहून परतलेल्या कुकाई या भिक्षूने आणलेल्या शिंगोन परंपरेत होमाला ‘गोमा’ म्हणतात, आणि शिंगोन मठांतल्या लाकडी पाट्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं आजही लिहिली जातात. त्याच लिपीच्या अभ्यासातून जपानी वर्णमालेचा क्रम बसला: आ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपला क, च, त, न, प, म, य, र, व. ‘सा’चा जुना उच्चार चकाराजवळचा होता आणि ‘हा’चा पकाराजवळचा, म्हणून ते त्या जागी बसलेत.